अनुभव धागा: 'गॉडी नाइट' वाचताना कुठे अडलात, कुठे रमलात?

डोरोथी सेयर्सच्या लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराच्या मालिकेतली ही दहावी कादंबरी, १९३५ ची. आधीच्या नऊ पुस्तकांवर जीव असलेले वाचकसुद्धा हिच्याबद्दल एकमेकांशी तावातावाने भांडतात. प्रतिसादात नुसतं 'आवडली' किंवा 'कंटाळा आला' नको. नेमकं काय जमलंय किंवा काय बिघडलंय आणि का, ते लिहा. गुन्हेगाराचं नाव मात्र कुणीही फोडू नका.

*

माझ्या मते रहस्यकथा म्हणून ही फसली आहे. ऑक्सफर्डमधल्या श्रूसबरी या काल्पनिक महिला कॉलेजात कुणीतरी घाणेरडी चित्रं टाकतं, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिठ्ठ्या चिकटवतं, मिस लिडगेटच्या ग्रंथाची प्रुफं नासवतं, चॅपलमध्ये बाहुलं फासावर लटकवतं. पण खून नाही. खून झाला की मृत्यूची वेळ ठरते, त्या वेळी कोण कुठे होतं ते तपासता येतं आणि संशयित एकेक करून गळत जातात. इथे सगळं रात्री घडतं, कॉलेजात ढिगाने बायका राहतात आणि बहुतेकींचं उत्तर एकच, 'मी झोपले होते'. मग वाचकाने गाळायचं कुणाला? 'फाइव्ह रेड हेरिंग्ज'मध्ये रेल्वेचं वेळापत्रक घेऊन गणित मांडता येतं, तसं इथे काहीच हाती लागत नाही. त्यात विम्झी खुद्द ऑक्सफर्डला पोचतो तो निम्म्याहून अधिक पुस्तक संपल्यावर.

*

गणित मांडता येतं, फक्त वेगळ्या पद्धतीने. वेळेचा रकाना सोडून द्या आणि प्रत्येक घटनेसाठी तीन गोष्टी टिपा: नेमकी कोणती वस्तू नासवली, शेजारचं काय सुखरूप सोडलं, आणि हे करायला कोणती माहिती आधी असायला हवी. कादंबरीची नायिका, रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट हिने विम्झीसाठी सुट्या पानांच्या वहीत सगळ्या घटनांची टिपणं काढली आहेत, तिथे थांबून आपली यादी ताडून बघा. विम्झी त्याच टिपणांवरून निघतो, त्याच्या खिशात गुप्त पुरावा नाही. लेखिका वाचकाशी पूर्ण प्रामाणिक आहे.

चकवे दोन आहेत. पहिला लॅटिनचा. बाहुल्याला टाचलेल्या ओळी रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यातल्या, हार्पी नावाच्या पक्षीरूपी राक्षसिणींचं वर्णन करणाऱ्या. त्या वाचल्याबरोबर सगळे विदुषींवर संशय घेतात आणि ही ओळ त्या कागदावर आली कुठून, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. दुसरा चकवा जास्त खोल आहे. लग्न न करता पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या बाईच्या डोक्यावर कधीतरी परिणाम होणारच, हा समज कॉलेजबाहेरच्या जगाचा आहे, पण तो हॅरिएटच्याही मनात घर करून बसलाय. त्यामुळे ती हुशार असून चुकते. वाचकही तिच्याबरोबर चुकतो, कारण समज त्याचाही तोच असतो.

आणि एक जागा अजिबात चाळू नका: प्राध्यापिकांच्या बैठकीच्या खोलीत विम्झीसमोर रंगलेली, विद्वानाने पुरावा दडपला तर त्याचं काय करावं, ही चर्चा. तिच्यात सी. पी. स्नोच्या १९३४ च्या 'द सर्च' या खऱ्याखुऱ्या कादंबरीचा उल्लेख येतो. पहिल्या वाचनात हा विद्वत्तेचा फापटपसारा वाटतो आणि लोक पानं उलटतात. रहस्याची किल्ली मात्र तिथेच आहे.

*

नावांच्या गोंधळावर उपाय. सेयर्स एकाच बाईला कधी नावाने तर कधी पदाने हाक मारते, म्हणून माणसं दुप्पट वाटतात. पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या कागदावर एवढं लिहून ठेवा: वॉर्डन (कॉलेजची प्रमुख) म्हणजे डॉ. बेअरिंग, डीन म्हणजे मिस मार्टिन, बर्सर (कॉलेजचा कारभार बघणारी) म्हणजे मिस स्टीव्हन्स, ट्रेझरर म्हणजे मिस ॲलिसन, ग्रंथपाल मिस बरोज. मिस हिलयार्ड इतिहासाची, मिस लिडगेट इंग्रजीची, मिस डी व्हाइन संशोधक. प्रकरणांच्या डोक्यावरचे जुने इंग्रजी उतारे पहिल्या खेपेला सोडले तरी कथेचं काही अडत नाही.

*

निराशेचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चुकीचा क्रम. 'सर्वोत्तम' म्हणून कुणी ही कादंबरी हातात देतं आणि वाचक थेट इथूनच सुरुवात करतो. आधी 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) वाचायलाच हवी. तिच्यात हॅरिएटवर प्रियकराला आर्सेनिक घातल्याचा खटला चालतो आणि विम्झी तिला फाशीपासून वाचवतो. मग 'हॅव हिज कारकस' (१९३२). मधल्या 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ' आणि 'द नाइन टेलर्स' या दोन्ही उत्तम आहेत, पण या धाग्यापुरत्या नंतर वाचल्या तरी चालतील.

हा क्रम पाळला की गाउनच्या बाहीत सापडलेल्या, तिला खुनी म्हणणाऱ्या चिठ्ठीचा घाव कळतो. ज्याने जीव वाचवला त्याला पाच वर्षं नकार का, तेही कळतं. उपकाराच्या ओझ्याखाली केलेलं लग्न तिला नको आहे. सेयर्सने पुढे एका निबंधात लिहिलंय की 'स्ट्राँग पॉयझन'च्या शेवटी दोघांचं लग्न लावून विम्झीला निरोप द्यायचा तिचा बेत होता, पण तशा अवस्थेत हॅरिएटचा होकार खोटा ठरला असता. म्हणून विम्झीला पुस्तकागणिक जास्त माणूस करावं लागलं. मालिकेचा सूर बदलला तो यामुळे.

*

'सरळ पोलिसांना का बोलवत नाहीत?' या नेहमीच्या आक्षेपाबद्दल. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी सॉमरव्हिल कॉलेजातून कायद्याची बीसीएल परीक्षा दिली १८९२ मध्ये, आणि पदवीसाठी त्यांना १९२० नंतरपर्यंत थांबावं लागलं. सेयर्सही सॉमरव्हिलचीच, परीक्षा १९१५ ची आणि पदवी १९२० ची. १९२७ मध्ये तर विद्यापीठाने विद्यार्थिनींच्या संख्येवर मर्यादा घातली. केंब्रिजने पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. अशा वेळी महिला कॉलेजातलं एक प्रकरण वर्तमानपत्रात गेलं असतं तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं असतं. वॉर्डन गप्प राहते ती या भीतीने, आणि म्हणून हे काम माजी विद्यार्थिनी असलेल्या हॅरिएटकडे येतं. ही पार्श्वभूमी लेखिका समजावून सांगत नाही. तिच्या वाचकांना ती ठाऊक होती.

*

मला पुस्तक आवडतं, पण वर्गाचा प्रश्न टाळून चालणार नाही. प्राध्यापिकांपैकी प्रत्येकीला स्वतःचं मत आहे, स्वभाव आहे, भांडण आहे. खोल्या झाडणाऱ्या बायका मात्र बहुतेक वेळा दारातून येतात आणि जातात. शेवटाकडे एक लांब, संतापाने पेटलेलं भाषण आहे, आणि त्यातल्या प्रश्नांना विदुषींकडे धड उत्तर नाही. लेखिकेने ते भाषण लिहिलं ही तिची ताकद. पण लगेच पुढे ती पुन्हा प्रेमकथेकडे वळते आणि तो प्रश्न लोंबकळत राहतो. समीक्षक क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये 'स्क्रूटिनी' या समीक्षेच्या नियतकालिकात या कादंबरीवर कडक टीका केली. विद्यापीठीय जीवनाचं हे चित्र खोटं गोडवलेलं आहे, हा त्यांचा रोख, आणि तो पूर्ण चुकीचा नाही.

*

प्रेमकथा उगाच लांबवली म्हणणाऱ्यांनी फक्त सुनीत पुन्हा वाचा. हॅरिएट पहिल्या आठ ओळी लिहून अडते. त्यांत सगळ्या धडपडीच्या मध्यावर सापडलेली विश्रांती आहे. कागद चुकून टिपणांच्या वहीत राहतो आणि विम्झी उरलेल्या सहा ओळी पुऱ्या करून परत देतो. त्याच्या ओळींत तीच स्थिरता भोवऱ्याची होते: चाबकाचे फटके बसताहेत तोवरच तो उभा, फटके थांबले की कोलमडणार. म्हणजे तिने शांती मागितली, आणि आपल्याकडे ती ताणासकटच मिळेल असं तो आधीच कबूल करतो. पुढे तो तिला स्वसंरक्षणासाठी गळ्यात घालायला कुत्र्याचा जाड पट्टा घेऊन देतो, पण 'तू इथून निघून जा' म्हणत नाही. तिचा धोका तिला पत्करू देतो, आणि तिचं मन वळतं ते इथे.

*

पुढे काय वाचावं, असं कुणी विचारणार असेल तर: 'बसमन्स हनिमून' (१९३७). हे आधी नाटक होतं, म्हणून बराचसा भाग एकाच घरात घडतो आणि संवाद भरपूर आहेत. खून आहे, त्यामुळे पहिल्या प्रतिसादातली तक्रार तिथे उरणार नाही. शेवटची प्रकरणं घाईने वाचू नका, गुन्हेगार सापडल्यानंतर विम्झीचं जे होतं ते महत्त्वाचं आहे. त्यानंतरची 'थ्रोन्स, डॉमिनेशन्स' सेयर्सने अर्धवट सोडली होती. १९९८ मध्ये जिल पेटन वॉल्श यांनी ती पुरी केली, तेव्हा ती दोघींची म्हणूनच वाचा.