सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्समधली पोस्टडॉकची जागा: अर्जात काय लिहावं?

नमस्कार मंडळी,
विद्यापीठातल्या एका गटाची जाहिरात आली आहे: संयुग्मित पॉलिमरचं (एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या, वीज वाहू शकणाऱ्या लांब साखळ्यांचं) संश्लेषण, शिवाय ट्रान्झिस्टर आणि सौरघटांत त्यांची चाचणी. पीएचडी संश्लेषणातली, डिव्हाइस बनवण्याचा हात जेमतेम. भर कशावर द्यावा?
– प्र.

---

प्र.,
आधी त्या गटाच्या अलीकडच्या चार-पाच पेपरांचं सपोर्टिंग इन्फॉर्मेशन (पेपरसोबतची तपशिलांची पुरवणी) उघडा. पॉलिमर ते स्वतः करतात की बाहेरून आणतात, हे तिथेच कळतं. बाहेरून आणत असतील तर त्यांना रसायनवालाच हवाय.

अर्जात ‘स्टिले कपलिंग येतं’ (पॅलेडियमच्या मदतीनं टिन लावलेला रेणू दुसऱ्या रेणूला जोडणं) एवढ्यावर भागत नाही. बॅच किती ग्रॅमची, एमएन (सरासरी रेणुभार) किती, डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतली तफावत) किती, जीपीसी (रेणुभार मोजण्याची चाचणी) कुठल्या तापमानाला, हे लिहा. साध्या तापमानाला हे पॉलिमर द्रावणातही एकमेकांना चिकटून राहतात आणि रेणुभार फुगलेला दिसतो. म्हणून ट्रायक्लोरोबेन्झीनमध्ये १४०–१५० अंशांना जीपीसी केलेली असली तर ते ठळक लिहा.

मोनोमरच्या (साखळीच्या सुट्या दुव्याच्या) मापाबद्दल नक्की विचारतील. दोन मोनोमरांचं प्रमाण १ ऐवजी ०.९५ झालं, तर प्रक्रिया पूर्ण होऊनही साखळी सरासरी ३९ एककांवर थांबते, ०.९९ असेल तर १९९ पर्यंत जाते. टिनवाला मोनोमर सिलिकाच्या कॉलमवर टिन गमावतो, आणि मग वजन बरोबर करूनही प्रमाण चुकतं. तो कसा शुद्ध केलात, ते एका ओळीत सांगा. सॉक्सलेटमध्ये पॉलिमर एकेका गरम द्रावकानं धुण्याचा क्रम (मिथेनॉल, ॲसिटोन, हेक्झेन, शेवटी क्लोरोफॉर्म) आणि पॅलेडियम कशानं काढलं तेही. डायइथाइलडायथायोकार्बामेटनं धुतलं असेल तर तसं लिहा. उरलेलं पॅलेडियम डिव्हाइसमध्ये त्रास देतं आणि दोष पॉलिमरच्या माथी जातो.
– स्वा.

---

स्वा. ताईंचं सगळं मान्य, पण मुलाखतीत आलेख समोर ठेवला की रसायनवाले तिथेच अडकतात.

ट्रान्झिस्टरचा ट्रान्सफर कर्व्ह (गेट व्होल्टेज बदलताना ड्रेन करंट कसा बदलतो त्याचा आलेख) घ्या. ड्रेन करंटच्या वर्गमुळाची रेघ गेट व्होल्टेजसमोर सरळ यायला हवी. पुष्कळदा ती सुरुवातीला तीव्र चढते आणि पुढे वाकून मंद होते. कारण बहुधा संपर्काचा रोध, जो गेट व्होल्टेजबरोबर बदलतो. मोबिलिटी (विद्युतभार किती सहज सरकतो ते) उताराच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे उतार दुप्पट धरला की मोबिलिटी चौपट. ‘यातला कुठला उतार धराल?’ हा प्रश्न हमखास येणारा. दोन्ही सांगा, रेघ सरळ नाही हेही सांगा.

सौरघटात सर्वोत्तम एकाच घटाचा आकडा देऊ नका. किती घट बनवले, सरासरी किती, फरक किती, ते द्या. ईक्यूईवरून (प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाशकणांमागे किती इलेक्ट्रॉन मिळतात त्यावरून) काढलेला करंट जे-व्हीच्या (करंट-व्होल्टेज मोजणीच्या) करंटशी जुळत नसेल तर मास्क (प्रकाश पडायचं क्षेत्र ठरवणारी झडप), क्षेत्रफळ आणि दिव्याचा स्पेक्ट्रम आधी तपासायचा, पॉलिमर नंतर.

जेमतेम हात लपवू नका. मुदत आहे तोवर कुणाच्या लॅबमध्ये पी३एचटी (पॉलिमर) आणि पीसीबीएम (फुलरीन) या नेहमीच्या जोडीचे आठ-दहा घट करून पाहा. आयटीओचा (पारदर्शक वाहक) थर असलेली काच साबणपाणी, शुद्ध पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल अशा क्रमानं सोनिकेटरमध्ये १०–१५ मिनिटं, मग यूव्ही-ओझोन. पेडॉट:पीएसएस (काचेवर लावायचं वाहक पॉलिमरचं द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं आणि लावल्यावर १४०–१५० अंशांना १० मिनिटं वाळवायचं. हे नीट न वाळलं तर पाणी धरून बसतं. त्यात ते आम्लधर्मी, आयटीओही खातं. सगळं जमलं तर ३–४ टक्के कार्यक्षमता येते. जे-व्ही कर्व्ह इंग्रजी एससारखा वाकला तर थरांच्या सीमेवर गडबड आहे. धातूखालचा थर ऑक्सिडाइज झाला का, तिथपासून शोधा. असा एक वाकलेला कर्व्ह कारणासकट समजावता आला तर मुलाखतीत देखण्या आकड्यापेक्षा जास्त कामाला येतो.
– अ.

---

स्वा. ताई, अ. दादा, आभार. जीपीसी क्लोरोबेन्झीनमध्ये ८० अंशांना केलेली आहे. चालेल?
– प्र.

---

चालेल, पण द्रावक आणि तापमान दोन्ही आकड्याशेजारीच लिहा. आणि स्टँडर्ड (रेणुभाराची तुलना ज्याच्याशी करतात तो नमुना) पॉलिस्टायरीनचं असेल तर तेही, कारण ताठ साखळीचा रेणुभार त्यावर वाढीवच येतो.
– स्वा.