सुरस आणि चमत्कारिक: नेमका अर्थ कोणता?

'फार चमत्कारिक बाई आहे ती' असं म्हणतो तेव्हा आपण कौतुक करत नसतो. मग कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मधलं, म्हणजे 'अरेबियन नाइट्स'च्या मराठी अवतारातलं, चमत्कारिक कुठलं? २००० सालची 'अरेबियन नाइट्स' ही दोन भागांची हॉलमार्कची मालिका बघताना प्रश्न पडला. चित्रण तुर्कस्तान-मोरोक्कोतलं, राजवाडे, घोडदळ, पैसा पाण्यासारखा ओतलाय. हिला सुरस म्हणावं की चमत्कारिक?

—

शास्त्रीबुवांचा अर्थ 'अद्भुत' हाच. हल्ली 'चमत्कारिक वास येतोय' म्हटलं की नाक मुरडायचंच. पण रससिद्धांत मांडणारा काश्मिरी पंडित अभिनवगुप्त चमत्कार म्हणतो तो जादूचा खेळ नव्हे. रसाच्या आस्वादात मन भारावतं, ती अवस्था. म्हणजे हे दोन शब्द मुळात सख्खे शेजारी.

मालिकेत त्यांची फारकत झालीय. दिव्यातला आणि अंगठीतला, दोन्ही जिन जॉन लेग्विझामोच. रंगरंगोटी झकास, पण बडबड इतकी की अद्भुताची पार मस्करी होते. उलट कुबड्या विदूषकाची गोष्ट बघा. त्याचं मढं एक जण दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, दुसरा तिसऱ्याच्या. जादू औषधालाही नाही, तरी सुरस!

—

कुबड्याबद्दल सहमत. माझ्या मते सगळ्यात सुरस मात्र शहरजाद, रोज रात्री राजाला गोष्ट सांगून स्वतःचा जीव वाचवणारी राणी. मिली अविटल गोष्ट नेमकी कुठे तोडायची ते जाणते, आणि डग्रे स्कॉटचा राजा शहरयार चिडतो तोही पुढचं ऐकायचंय म्हणून. एवढं जमलेलं असताना शेवटी भावाशी लढाई कशाला? मूळ ग्रंथात हा भाऊ, शाहजमान, वैरी नाहीच, तोही बायकोच्या बेइमानीने पोळलेला. वर राजा लढाईत गोष्टींतल्याच युक्त्या वापरतो. म्हणजे गोष्टी 'कामाला' आल्या पाहिजेत! फाशीच्या छायेत बाई गोष्ट सांगतेय, यापरता आणखी काय उपयोग हवा होता?

—

जेसन स्कॉट लीचा अल्लाउद्दीन 'चिनी कसा' म्हणून कुरकुर करणाऱ्यांसाठी: ती कथा चीनमध्येच घडते. शिवाय ती आणि अलिबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. सीरियातल्या अलेप्पोच्या हन्ना दियाबने त्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फ्रेंच भाषांतरकार गालाँला सांगितल्या. तेव्हा मुळाबरहुकूम नाही ही तक्रार जरा जपून.

आता शब्दाचं. 'सुरस' एकटा फारसा वापरात उरलेला नाही. 'साहेबांच्या सुरस कथा' म्हटलं की लफडी, आणि 'सुरस व चमत्कारिक' अशी जोडी जमली की घोटाळ्याची बातमी समजावी.