मांडीतली गाठ: आधी सुई की थेट तुकडा?

सर्जन, निपाणी:
गाठ घेऊन येणाऱ्याला आधी सुई, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासणारी एफएनएसी, हेच माझं ठाम मत. २३ गेजची सुई, १० मिलीची सिरिंज, दोन-तीन वेळा टोचणं, काम संपलं. चरबी आहे, पू आहे, क्षयाचा गळू आहे की जुन्या कॅन्सरची पसरण, याचा अंदाज लगेच येतो. ऊसतोडीच्या दिवसांत माणसाचा बेळगावचा हेलपाटा वाचला तर ते थोडं नाही.

ऑर्थो, बेळगाव:
चरबी आणि पू मान्य. पण ५ सेंमीपेक्षा मोठी किंवा स्नायूच्या आवरणाखालची गाठ असेल तर मी सुईवर थांबणार नाही. सार्कोमाची, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या ऊतींच्या कॅन्सरची, ग्रेड (तो किती आक्रमक आहे ते) ठरवायला पेशींची ठेवण, मायटोसिस (पेशींचं विभाजन) आणि नेक्रोसिस (मेलेला भाग) बघावं लागतं. सुट्या पेशींत ते धड कळत नाही. रिपोर्ट येतो 'स्पिंडल सेल लीजन', म्हणजे नुसती लांबट पेशींची गाठ. त्यात श्वानोमा, नोड्युलर फॅशायटिस या साध्या गाठीही बसतात आणि सायनोव्हियल सार्कोमा हा कॅन्सरही! त्या भरवशावर कुणी गाठ कोरून काढली की कडेला पेशी राहतात आणि पुढचं ऑपरेशन दुप्पट मोठं होतं. आधी एमआरआय, मग १४ किंवा १६ गेजच्या जाड, कोअर सुईने तुकडे.

पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव:
पुष्कळदा दोष सुईचा नसतो, स्लाइडचा, म्हणजे पेशी पसरलेल्या काचेचा असतो. अर्ध्या स्लाइड ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. क्षणभर उशीर झाला तरी पेशी सुकून फुगतात, केंद्रकाचे बारकावे पुसट होतात. उरलेल्या हवेत झटपट वाळवा; खानापूरच्या पावसाळ्यात त्या वाळता वाळत नाहीत, तेव्हा पंख्याखाली धरा. वाळवलेल्या स्लाइडच्या जिम्सा रंगात मिक्सॉइड (पेशींमधलं बुळबुळीत) द्रव्य जांभळट गुलाबी उठून दिसतं, अल्कोहोलमधल्या स्लाइडच्या पॅप रंगात ते फिकं पडतं, म्हणून दोन्ही हवेत. मोठ्या गाठीचा मध्य सडलेला असतो, कडेला टोचा. शेवटची सुई फॉर्मॅलिनमध्ये धुवा. त्यातल्या पेशींचा सेल ब्लॉक (मेणातली वडी) झाला तर गाठ कुठल्या पेशींची ते सांगणाऱ्या एस-१००, डेस्मिन या चाचण्या करता येतात. आणि खोल चरबीच्या गाठीत 'लायपोमा' (चरबीची साधी गाठ) एवढं वाचून निश्चिंत होऊ नका. वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा या चरबीच्या कॅन्सरची चरबी तशीच दिसते, तिथे एमडीएम२ या जनुकाची चाचणी लागते.

सर्जन, निपाणी:
स्लाइडचं पटलं. तरी खोल गाठीतही सुई पूर्ण सोडू नये. लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, निघाला तर ऑपरेशनच टळतं.

ऑर्थो, बेळगाव:
मग एमआरआयनंतर टोचा. आधी टोचलं की आतल्या रक्तस्रावाने चित्र बिघडतं. गाठ धडधडते का ते हात ठेवून बघा, रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. कोअरची वाट मात्र पुढच्या चिऱ्याच्या रेषेतच हवी: मांडीत उभी, स्नायूंच्या एकाच कप्प्यातून, मुख्य मज्जातंतू आणि रक्तवाहिनी टाळून. ती वाट गाठीबरोबर काढावी लागते. आपल्याकडे गाठ निपाणीत, स्कॅन कोल्हापुरात, ऑपरेशन बेळगावात. टोचलेली खूण चार दिवसांत दिसेनाशी होते, तेव्हा गुडघ्याच्या वाटीपासून किती सेंमी वर आणि आतल्या की बाहेरच्या बाजूला टोचलं, ते पत्रावर लिहून पाठवा.