परिवीक्षा संपली, पगारवाढ कशी मागावी?

सातपूरकर: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर होतो. आता कायम केल्याचे पत्र मिळाले आहे, परंतु त्यात पगाराचा उल्लेखच नाही. वाढ लगेच मागावी, की एप्रिलच्या वार्षिक मूल्यमापनापर्यंत थांबावे?

मनुष्यबळवाला: आधी नेमणूकपत्र पुन्हा वाचावे. कायम झाल्यावर पगार वाढवलाच पाहिजे असे कायदा सांगत नाही. त्यामुळे पत्रात वेतनाच्या फेरविचाराचे कलम असेल तर तोच आपला आधार, आणि नसेल तर केलेले काम. रिजेक्शन (तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण) किती घटले, ग्राहकांच्या तक्रारी किती कमी झाल्या, हे आकड्यांसह एका पानावर मांडून आधी विभागप्रमुखांशी बोलावे आणि मगच ई-मेल पाठवावा. घरभाडे वाढले, पंचवटीहून येण्याजाण्याचा खर्च वाढला, ही कारणे खरी असली तरी तिथे चालत नाहीत.

गंगापूर रोड: वाढ कशात मिळते, तेही पाहावे. मूळ वेतन वाढले की भविष्य निर्वाह निधीची 12 टक्के कपातही वाढू शकते आणि हाती येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी दिसते; तरीही निधीत मालकाचाही वाटा जमा होत असल्याने मला तेच बरे वाटते.

सातपूरकर: आभारी आहे. कलम आहे, फक्त तारीख दिलेली नाही.

मनुष्यबळवाला: मग तारीखच मागावी. ‘एप्रिलपर्यंत थांबा’ असे उत्तर आले, तर वाढ कायम झाल्याच्या दिवसापासून लागू होईल का, हे लेखी विचारून घ्यावे.