सांगाडा घातला म्हणून थेंबाला पेशी म्हणायचं का?

वरणगावचे सर :
अकरावीच्या वर्गात पेशी शिकवत होतो. एका पोरानं मोबाइल पुढे केला : 'सर, माणसानं पेशी बनवली!' बातमी २०२४ची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रोनित फ्रीमन यांच्या गटानं डीएनए आणि पेप्टाइड (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) गुंफून पेशीएवढ्या थेंबात सांगाडा उभा केला. ५० अंशांतही टिकतो म्हणे. काम झकास, वादच नाही. पण ही 'पेशी' वाढत नाही, एकीच्या दोन होत नाही. बामणोदचं वांगं पिशवीत आणलं म्हणजे भरीत झालं का?

चोपड्याचा भाचा :
सर, वांगं पऱ्हाट्यांच्या जाळावर चढलंय, तुम्ही पिशवीतच धरून बसलात. पेशीतला सांगाडा म्हणजे हाडं नव्हेत. त्यातली एक नळी, सूक्ष्मनलिका, जेमतेम २५ नॅनोमीटर जाड. वाढत जाते, अचानक ढासळते, पुन्हा वाढते. मिचिसन आणि कर्शनर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच हे मांडलं. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून वेगळी होतात ती याच बांध-मोडीवर. तेच कुणी सुट्टं करून बांधतंय, आणि तुम्ही नावावर अडलात.

वरणगावचे सर :
बांध-मोडीला इंधन लागतं ना? सूक्ष्मनलिकेला जीटीपी, सांगाड्यातल्याच ॲक्टिनच्या धाग्यांना एटीपी, ही पेशीतली ऊर्जा देणारी रसायनं. ते आतल्या आत तयार करणारं घर कुठंय? बाहेरून ओतलेलं संपलं की खेळ खलास. अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेनं २०१६ मध्ये ४७३ जनुकांवर चालणारा जीवाणू केला. तो विभागतो. त्याला मी बिनदिक्कत पेशी म्हणेन.

चोपड्याचा भाचा :
त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, नवा, पण भांडं उधारीचं! दुसऱ्या जिवंत जीवाणूत नेऊन बसवला होता. फ्रीमन यांचे लोक भांड्यापासून सुरुवात करतायत, म्हणून मला जास्त पटतात.

रावेरचा केळीवाला :
काय भो, ५० अंशांत टिकतो तर मे महिन्यात आमच्या बागेत आणून ठेवा, मग बोलू. बाकी आमच्या काय कामाचं?

चोपड्याचा भाचा :
नाना, पावसाळ्यात कुंपणावर कळलावी चढते ना, लालपिवळ्या फुलांची? तिच्यातलं कोल्चिसिन सूक्ष्मनलिकेची वीट असलेल्या ट्युब्युलिनला चिकटतं. मग नळी जमत नाही, विभाजन अडतं. त्याच गुणावर वनस्पतीची गुणसूत्रं दुप्पट करतात. तुमच्या खायच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. नवे वाण काढणाऱ्यांना ही दुपटीची युक्ती कामी येते. उद्या असं औषध कुठल्या खिळ्याला धरतं, हे साध्या बनावट पेशीत पाहता आलं, तर बरंच सोपं होईल. शरीरातल्या पेशीत एकाच वेळी हजार भानगडी चालू असतात.

रावेरचा केळीवाला :
कळलावी विषारी आहे हो, पोरांना हात लावू देत नाही आम्ही. पण हे ठाऊक नव्हतं.

वरणगावचे सर :
औषध तपासायला वापरा, मीही टाळ्या वाजवीन. उत्तरपत्रिकेत 'माणसानं पेशी बनवली' दिसलं, तर अर्धा मार्क कापणारच.

चोपड्याचा भाचा :
कापा. पोरं फेरतपासणीला जातील, साक्षीला मी येतो.