मदत हवी आहे : अफगाण मैत्रिणींना जर्मन शिकवताना

नमस्कार मंडळी, मी श्टुटगार्टला राहते. जवळच्या निर्वासितांच्या वसतिगृहातल्या चार अफगाण बायकांना शनिवारी जर्मन बोलायला शिकवते. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे ६०० तास असतात, पण तान्ही मुलं ठेवायची कुणाकडे? त्यात दोघी कधी शाळेतच गेलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी अक्षरओळखीचा वेगळा कोर्स आहे, अडचण मात्र तीच.

दरवाजा, दुकान, बाजार हे शब्द त्यांच्या दरी भाषेतही आहेत, त्यामुळे गप्पा मस्त रंगतात. (जर्मन राहतं बाजूला!)

असा गट कुणी चालवलाय का? मोठ्या बायकांना अक्षरं शिकवताना काय वापरलंत? बालवाडीची गाणी त्यांना देणं मला बरं वाटत नाही. आणि दोन तास मुलं कोण सांभाळायचं?