टेक्श्चर पावडर: रोज वापरायला सुरक्षित आहे का?

पार्लरताई, जुळे सोलापूर:
नमस्कार. उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर गेला की सकाळी धुतलेले केसही दुपारपर्यंत टाळूला चिकटतात, म्हणून ग्राहक हल्ली केसांना उभारी देणारी टेक्श्चर पावडर मागतात. काल डबी उघडली, तर कूलरच्या झोताने बरीचशी पूड आरशावर जाऊन बसली आणि मला ठसका लागला. लेबलावर ‘सिलिका सिलिलेट’ असे लिहिले आहे. सिलिकाने फुप्फुसे खराब होतात ना? त्यापेक्षा कॉर्नफ्लोअर बरे का?

जुना केमिस्ट:
ताई, दगडखाणीतल्या कामगारांना सिलिकोसिस होतो, तो स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीने. प्रसाधनांतील सिलिका अस्फटिक असते. तिच्या कणांवर सिलिकॉनयुक्त सेंद्रिय गट चढवले की सिलिका सिलिलेट तयार होते. चिमूटभर पूड पाण्यावर टाकून पाहा, भिजणार नाही, तरंगत राहील. ती तेल शोषते आणि केसांवर किंचित खरखरीत थर धरते, त्यामुळे केस एकमेकांवरून घसरत नाहीत. मात्र याच गुणामुळे ती नुसत्या पाण्याने निघत नाही, शाम्पू लागतो, आणि रोज वापरल्यास केस कोरडे पडतात.

तुमच्या ठसक्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण अस्फटिक असली तरी इतकी हलकी धूळ श्वासनलिकेला त्रास देतेच, आणि ग्राहक ती एकदा हुंगते तेव्हा तुम्ही दिवसभर हुंगत असता. डोक्यावर डबी झटकण्याऐवजी पूड तळहातावर घेऊन बोटांनी मुळांशी चोळा. दमा असलेल्या किंवा टाळूवर पुरळ असलेल्या ग्राहकाला ती लावूच नये. कॉर्नफ्लोअर सहज धुतले जाते खरे, पण घामाने त्याचा लगदा होतो आणि काळ्याभोर केसांत ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसते.

सौंदर्यसाहित्य विक्रेता:
सुटी, पुन्हा भरलेली पावडर स्वस्त मिळते, तरी घेऊ नका. घटकांची यादी, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना आणि वापरण्याची मुदत लेबलावर असायलाच हवी. यादीत टाल्क असल्यास मी ती डबी परत ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2024 मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आहे.

पार्लरताई:
आभारी आहे. वाटीतल्या पाण्यावर पूड तरंगली. उद्यापासून पावडर लावताना कूलर बंद. ग्राहकांची कुरकुर ऐकून घेईन.